किसणी आणि बरणी धाकटीला

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण, लिहून ठेवते की माझे हृदय थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. भीतीपोटी मात्र लिहिते आहे, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

१. राहते घर. माझ्या पश्चात माझे यजमान हयात असेपर्यंत याच घरात राहतील. त्यांना कोणीही हलवू नये. त्यानंतर घर मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समसमान मिळावे. माझी शिल्लक ह्यांच्या औषधपाण्यासाठी वापरावी.

२. कपडे धुण्याचे यंत्र मुलाला. त्याने आणलेली विकतची पावडरही त्यालाच देते. तिचा सुगंध त्याला लखलाभ होवो.

राग का, तेही लिहिते. ह्यांची आठवण गेली आहे. हयातभर शिवणकाम केलेल्या माणसाला आता स्वतःच्या शर्टाची बटणे लावता येत नाहीत. मला मदत करायची हौस तेवढी शिल्लक आहे. चादरी शुभ्र व्हाव्यात म्हणून ह्यांनी न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि कपड्यांसाठी संत्र्याच्या साली मुरवलेल्या माझ्या व्हिनेगरमध्ये ब्लीच ओतले. त्यातून विषारी वायू निघतो. समोरचे औषधवाले धावून आले, दार फोडून ह्यांना बाहेर ओढले, म्हणून जीव वाचला. त्याच संध्याकाळी मुलाने ब्लीच टाकून दिले आणि सोबत माझ्या घरगुती साबणाच्या बरण्याही. "आई, आता हे घरगुती प्रयोग बस झाले," म्हणाला. सुक्याबरोबर ओले जळते ते असे.

मग विकतची पावडर आली. ह्यांनी धुतलेला शर्ट नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. "हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. ज्याचा त्याला देऊन टाका," म्हणाले. उघडेच बसले. जेवायलाही उठेनात. शेवटी मी मुलाच्या नाकावर टिच्चून पुन्हा साबण किसायला घेतला. माझ्या पद्धतीने धुतलेला शर्ट दिला, तो मुकाट्याने घातला. मग माझे हात हातात घेऊन हुंगले आणि म्हणाले, "आलीस का? किती उशीर केलास गं!" मी तर दिवसभर समोरच बसले होते.

चेहरा त्यांना ओळखू येत नाही. मी त्यांना या संत्र्याच्या वासावरून कळते. मी गेले की तो वासही जाईल, हीच माझी भीती.

३. साबणाची किसणी, मोठी बरणी, लाकडी डाव, वाळत घालायची दोरी आणि माझे यजमान, हे सर्व धाकटीला. माणूस मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकिलांनी बजावले आहे. मला ते कळते. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू?

धाकटे, तू म्हणाली होतीस, "आई, बाबांना संस्थेत ठेव, नाहीतर त्यांच्याआधी तू जाशील." मी तुला दाराबाहेर काढले, आणि तू पुन्हा आली नाहीस. तुझा शब्द आता खरा होतो आहे. पण संस्थेत सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात गं. तिथे हे उघडेच बसतील, आणि कुणाला कारणही कळणार नाही.

म्हणून नीट वाच. बिनवासाचा साबण बारीक किसून गरम पाण्यात विरघळव. त्यात धुण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घाल, डावानेच ढवळ, सोड्याने हात सोलवटतात. संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये रंग उतरेपर्यंत मुरव. ते गाळून कपडे शेवटी खळबळताना पाण्यात घालायचे, सोड्यात नव्हे. दोघे एकत्र आले की नुसता फेस आणि तमाशा, काम शून्य. तुम्हा भावंडांसारखे. आणि ब्लीच या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस. ह्यांची हौस अजून गेलेली नाही.

साबण त्यांनाच किसायला दे. हात चालत असले की ते शांत असतात.

धुणे वाळत घालून आत आलीस की ते तुझे हात हुंगतील आणि विचारतील, "आलीस का?" मी तुमची मुलगी आहे, आई गेली, असे सांगत बसू नकोस. त्यांना ते रोज नव्याने ऐकावे लागेल. तुला राग येईल, रडू येईल, ते नंतर. आधी एवढेच म्हण, "आले हो."

स्थळ: राहत्या घराची गॅलरी, दोरीखाली
दिनांक: १४ जून २०२३

सही: घराची मालकीण

साक्षीदार:
१. समोरचे औषधवाले (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)