यकृत कुठल्या पायात

८ फेब्रुवारी १९८७
डोंबिवलीला जोशी सरांकडे गेलेले. सर रिटायर्ड हेडमास्तर, तळपाय दाबायला मी त्यांच्याकडेच शिकले. आज रिफ्लेक्सॉलॉजिस्टांची संघटना काढायचं ठरलं. नाव 'अखिल भारतीय'नं सुरू. हजर माणसं सात. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "ठाणं, दिवा, डोंबिवली, कल्याण. संपला भारत?" हसा म्हटलं.
मी सेक्रेटरी. अक्षर बरं आहे म्हणून.

१ मार्च
तळव्यावर कुठला अवयव कुठे दाबायचा, याचा प्रत्येकाचा तक्ता वेगळा. एकाचं मूत्रपिंड टाचेकडे, दुसऱ्याचं बोटांकडे सरकलेलं. सर म्हणाले, देशभर परीक्षा घ्यायची तर छापील तक्ता एकच हवा. काम माझ्या गळ्यात. वागळे इस्टेटला दिवसभर पंपांची ड्रॉइंगं ट्रेस करते, दोन तळवे काय जड.

२२ मार्च
झाला तक्ता. ट्रेसिंग पेपरला मागून पेन्सिल, पुढून शाई, ऑफिसात करतो तसाच. खोडलं तरी शाई बिघडत नाही. सर चष्मा लावून बघत बसलेले. छापायला गेला.

१४ नोव्हें. १९८९
पत्रंच पत्रं. नागपूर, बेळगाव, इंदूर. नवे मेंबर आमचा तक्ता भिंतीला लावून शिकतायत, पेशंटना आराम पडतोय म्हणतात. वाचताना मजा वाटते. इंदूरला कुणाच्या तळव्यावर माझी रेघ.
यांना पत्रं दाखवली. दोनदा वाचली त्यांनी.

६ मे १९९०
परीक्षा, सरांच्या हॉलमध्ये. कोळीवाड्यातल्या पद्माबाई बसलेल्या. मासळी विकतात, पाय दाबणं आजीकडून आलेलं. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तोंडी घ्यायची असं मीच भांडून घेतलं होतं.
सर म्हणाले, यकृत दाखवा. त्यांनी माझा उजवा पाय धरला.
सरांनी तक्ता बघितला. "चूक. डावा."
"कावीलवाल्याचा उजवाच दाबायची आमची आजी."
नापास. भांडल्या नाहीत, मासळीची पाटी उचलून गेल्या. आणि गंमत ही की सर स्वतः उजवाच दाबतात, मीसुद्धा. आम्हा जुन्यांचा हात सवयीनं जातो, तक्त्याकडे बघतो कोण?

७ मे
ऑफिसला दांडी. मूळ ट्रेसिंग काढून खिडकीला धरलं. पेन्सिलीची बाजू बरोबर. शाई घालताना कागद उलटला आणि 'डावा', 'उजवा' ही नावं त्या उलट्या पायांवर लिहिली. दोन तळवे शेजारी काढले की उलटे-सुलटे सारखेच दिसतात, कुणाला खटकणार? उजव्याचं सगळं डाव्यात, डाव्याचं उजव्यात.
त्या बाईला मी नापास केलं.
पण मग इंदूरवाल्यांचे पेशंट बरे कसे होतायत?

२० मे
यांच्या ॲसिडिटीवर प्रयोग. आठवडाभर बरोबर जागा, आठवडाभर तक्त्यातली. सांगितलं नाही. विचारलं, कधी बरं वाटलं? "दोन्ही वेळा. आज का नाही दाबत?"
यावरून काय समजायचं, देव जाणे. यांना कुणी नुसतं गोंजारलं तरी बरं वाटतं.

३ जून
सरांना सांगितलं. म्हणाले, "नवी आवृत्ती काढू. चूक हा शब्द नको. डिसेंबरात अधिवेशन आहे, सुनंदा, लोक हसतील आपल्याला."
"आणि पद्माबाई?"
"पुढच्या वर्षी बसतील की."
राग आला. सरांचा आला, त्याहून माझा. तरी खरं सांगायचं तर मला लाजेपेक्षा जास्त छळतंय ते दुसरंच. जागा काम करते की हात? हे विचारायचं म्हणजे आधी चूक सांगायला हवी.

१२ नोव्हें.
कोळीवाड्यात जाऊन आले. पद्माबाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली. बोंबील निवडत ऐकत होत्या. "बाय, कागद तुजा चुकला, मी कशाला रडू?" अधिवेशनाला या म्हटलं. येते म्हणाल्या. बोंबील दिले, पैसे घेईनात.

२३ डिसें.
अधिवेशन, कल्याण. हॉल भरलेला. सर माझ्याकडे बघत नव्हते. सुधारलेला तक्ता मंजुरीला आला तशी उठले नि सांगून टाकलं. कागद उलटा होता, चूक माझी, पद्माबाईंचं उत्तर बरोबर होतं.
सगळे खाली वाकून आपापले पाय बघायला लागले.
नागपूरचे एक गृहस्थ उठले. "तीन वर्षं मी डावा दाबतोय. माणसं बरी होऊन गेली माझ्याकडून. ती कशानं?"
मला माहीत नाही, असं सांगितलं. म्हटलं, तेच विचारायला उभी आहे.
मागून पद्माबाई आल्या. नागपूरवाल्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या, चप्पल काढली, डावा पाय पुढे केला.
"दाबा. कसं दाबता ते बगू दे आदी."
गृहस्थ कोट सांभाळत खाली बसले. बाईंनी डोळे मिटले.