गोल झाल्यावर हसायचं नाही

७ मार्च, शनिवार

आज परत चुकीच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरलो! या मैदानावर बोगद्यातून डावीकडे वळायचं ही पायांची सवय. दोन वर्षं काढली होती इथे. कोपऱ्यातल्या माझ्या जुन्या जागेवर बसलो, शर्ट काढला, मोजे शोधायला लागलो, तर त्यांचा कपडे सांभाळणारा म्हणतो, "परत आलास का? कळवायचंस तरी!" आणि त्या बिचाऱ्याने सवयीने माझ्या मापाचे मोजे पुढे केले. मीही घातले. आमच्या खोलीत आलो तेव्हा गोलकीपर माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "पाहुणे, एकदा ठरवून टाका, कुणाकडून आहात ते."

'पाहुणा' हे त्यानेच ठेवलेलं नाव. आता सगळेच म्हणतात.

मग डोक्याने गोल केला. हेडर, काय सुंदर बसला! आणि लगेच तोंड पाडून, दोन्ही हात वर करून त्यांच्या प्रेक्षकांची माफी मागितली. जुन्या संघाविरुद्ध गोल झाला की आनंद करायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. बाकीच्यांना ती कधीमधी पाळावी लागते. मी जवळजवळ सगळ्यांचंच मीठ खाल्लंय, त्यामुळे माझं तोंड वर्षभर पडलेलं.

८ मार्च, रविवार

लेकीने विचारलं, "बाबा, गोल केलास की तुला एवढं वाईट का वाटतं?"

रीत समजावून सांगितली. नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मग गोल करतोसच कशाला?"

आठ वर्षांची आहे. ही तिची चौथी शाळा.

११ मार्च, बुधवार

सरावानंतर मॅनेजर जवळ आला. "काय, गुडघा कसाय? घरी सगळे बरे?"

हा माणूस ज्याला ठेवणार असतो त्याला शिव्या घालतो. गोलकीपरला तर रोज सकाळी चहाबरोबर. गेल्या वर्षी लेफ्ट-बॅकला मात्र म्हणाला होता, "छान खेळतोस हं." पंधरा दिवसांत लेफ्ट-बॅक सामान बांधत होता. माझा करार मेअखेर संपतोय आणि साहेब माझ्या गुडघ्याची चौकशी करतायत.

१५ मार्च, रविवार

हिला म्हटलं, घड्याळ भिंतीवर लावू या का? वाकून वेळ बघताना कंबर धरते माझी.

"आधी इथे राहणार आहोत का ते सांग. मग खिळा ठोकू."

खरंय तिचं. आमच्या कुठल्याच घरात भिंतीला खिळा नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकून. पण यंदा ही लॅबमध्ये कायम झाली. लेकीला खालच्या मजल्यावर मैत्रीण मिळाली. दोघी मिळून इमारतीमागे कसला तरी खड्डा खणतात, कसला ते सांगत नाहीत.

मग ही कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "या वेळी आम्ही येणार नाही. तू जा, खेळ, सुट्टीला ये. भांडत नाहीये मी, सांगतेय." भांडली असती तर बरं वाटलं असतं. मलाही इथेच राहायचंय. असं याआधी कुठेच वाटलं नव्हतं. पण मॅनेजरने ठेवायला हवं ना!

४ एप्रिल, शनिवार

पूर्ण मॅच बाकावर. जाताना मॅनेजरने पाठ थोपटली. संपलं!

६ एप्रिल, सोमवार

लेकीने शोध लावलाय. सगळ्या मॅचेसचं वेळापत्रक घेऊन बसली, एकेका संघापुढे मला विचारत गेली, "इथे होतास?" होतो. "इथे?" होतो. शेवटी एक निघाला, ज्याच्याकडून मी कधीच खेळलो नाही. नवखा संघ, यंदाच वरच्या गटात आलाय. मोसमाची शेवटची मॅच, आमच्याच मैदानावर.

"म्हणजे त्यांच्याविरुद्ध तुला खूश होता येईल!"

कसं खूश व्हायचं याचं चित्रही तयार. गोल झाला की मैदानात बसायचं, बूट काढायचा, कानाला लावायचा आणि म्हणायचं, "हॅलो!" मी बाहेरगावच्या मॅचनंतर घरी फोन करतो ना, तसा.

"माझ्या वयाला शोभेल का गं हे?" मी म्हटलं.

"किती वय आहे तुझं?"

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "फुटबॉलमध्ये आजोबा!"

१८ एप्रिल, शनिवार

गोल. जुना संघ. तोंड पाडलं. आईचा फोन आला, "किती गुणी माझं बाळ! जरा म्हणून माज नाही."

२८ एप्रिल, मंगळवार

एजंटचा फोन. "लॉटरी लागली! दोन वर्षांचा करार देतायत. या वयात! या गुडघ्यावर!"

"कोण?"

तोच संघ. ज्याच्याकडून मी कधी खेळलो नाही, तोच!

डोकं धरून बसलो. गाव लांब, रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नाही. इथला मॅनेजर काही बोलत नाही, म्हणजे बोलतो, पण गोड. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. माझ्या हातात आहे काय, तेच कळत नाही. एजंटने वर बजावलं, "त्यांच्याविरुद्ध गोल झाला तर उगाच नाचू नकोस. होणाऱ्या सासरी कुणी धिंगाणा घालतं का? मॅच झाली की उत्तर दे."

हिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि जांभई दिली.

७ मे, गुरुवार

मॅनेजरने मला केळं दिलं. स्वतः सोलून.

९ मे, शनिवार

आता सगळं नीट लिहितो.

कॉर्नरवर चेंडू माझ्या दुखऱ्या गुडघ्याला लागून आत गेला. गोल! सवयीने हात माफी मागायला वर गेलेच. तेवढ्यात लेक दिसली. खुर्चीवर उभी, मूठ कानाला लावून.

बसलो मैदानात. बूट काढायला गेलो, तर दुहेरी गाठ! चित्रात नाड्याच नव्हत्या. पोरं मिठ्या मारायला आली, मारून झाल्या, तरी मी आपला गाठीशी झटतोय. एकाने विचारलं, "लागलं का रे?" डॉक्टर पिशवी घेऊन धावत आला. सगळं मैदान वाट बघतंय! शेवटी निघाला एकदाचा. कानाला लावला. म्हणायचं होतं "हॅलो". तोंडातून निघालं, "नाही येत मी. इथेच राहणार."

कुणाला ऐकू गेलं नाही. पण इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

रेफरीने पिवळं कार्ड काढलं. वेळ घालवला म्हणून. पहिल्या हाफमध्ये शर्ट ओढल्याबद्दल एक मिळालेलंच होतं. दोन पिवळी म्हणजे लाल! एक बूट पायात, एक हातात, असा लंगडत बाहेर आलो. लेक खुर्चीवर नाचत होती. दहा जणांत आमचे टिकले नाहीत, शेवटी बरोबरी झाली.

१० मे, रविवार

एजंट म्हणाला, "ते अजूनही घ्यायला तयार आहेत. हसले म्हणे कालचं बघून. सही कधी?"

"नाही. कालच सांगितलं."

"कुणाला?"

"बुटाला."

बराच ओरडला. इथे ठेवलं नाही तर काय करशील, म्हणाला. फोन ठेवला. मग हिला सगळं सांगितलं.

"माहीत होतं," ही म्हणाली. "तुला पटवावं म्हणून त्याने आधी मलाच फोन केला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय करतोस ते बघत होते." आणि माझ्या ताटात जास्तीचं वाढलं.

१२ मे, मंगळवार

मॅनेजरने बोलावलं. आता गोड बोलणार, म्हणून मन घट्ट करून गेलो. त्याने दार लावलं आणि सुटलाच! "गाढवा! बुटावर फोन करतोस? लाल कार्ड! पुढच्या मोसमाची पहिलीच मॅच बाहेर बसणार तू! हेडर काय मी मारू?" मी मान खाली घालून "चुकलं, चुकलं" करत राहिलो. अर्धा जिना उतरलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पुढच्या मोसमाची!

खालच्या मजल्यावरून खिळा मागून आणला. हातोडा आमच्याकडे नाही, कधी लागलाच नव्हता. बुटाने ठोकला. घड्याळ जरा तिरकं लागलंय. राहू दे.