समोरच्या बोर्डावरची अक्षरं

४ जानेवारी
सिटी सेंटरला डोळ्यांच्या डॉ.कडे. दोन्ही डोळ्यांचे पडदे वयाने खराब होताहेत, उजवा जास्त. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन लावायचं म्हणे. विचारलं, व्यायामाने नाही का सुधारत? हसला मेला. "अम्माजी, एक्सरसाइज से पर्दा ठीक नहीं होता." ह्यांना रोज इन्सुलिन टोचते मी, पण माझ्या डोळ्यात सुई? नाही म्हणजे नाही.

६ जाने.
शेजारच्या मिश्राभाभींनी व्यायाम शिकवले. तळवे चोळून डोळ्यांवर, बुबुळं वर-खाली, मग ज्योतीकडे टक लावून बघायचं. त्यांच्या बहिणीचा चष्मा सुटला म्हणे. करून बघायला काय जातं?
अभयला फोनवर काही बोलले नाही. कळलं की लगेच, "आई, बाबांना घेऊन पुण्याला ये." ह्यांचं अर्धं अंग गेलंय, तरी लष्कर भागातलं हे घर सोडायचं नाव काढू देत नाहीत. मलाही नकोच.

११ जाने.
कोहरा. धुकं विरून ऊन आल्यावर खिडकीत परीक्षा. समोरच्या टेलरचा बोर्ड मोठ्याने वाचला. मॉडर्न टेलर्स, सूट-सफारी. ह्यांचा पलंग खिडकीशीच, नजर अजून शाबूत. म्हणाले, "बरोबर."

१९ जाने.
आज खालची बारीक ओळसुद्धा! "बरोबर." इन्सुलिन भरल्यावर सिरिंजही ह्यांना दाखवून घेते. चौदाची रेघ. "बरोबर."
खिडकीचे गज मात्र अजून वाकडे दिसतात. लिहिताना ओळीवर ओळ चढते.

२४ जाने.
अकराच्या सुमारास हे घामाने चिंब. थरथर, बोबडं बोलणं. साखर तोंडात कोंबली. देवा, ती दहा मिनिटं... आले भानावर. पोहे अर्धेच खाल्ले होते, म्हणून झालं. दुसरं काय असणार? चौदाच भरलं होतं. ह्यांनी बघितलं होतं.

२९ जाने.
मिश्राभाभी आल्या. मी तोऱ्यात बोर्ड वाचून दाखवला. त्यांनी खिडकीतून वाकून बघितलं. मग म्हणतात, "दीदी, टेलर तो संक्रांत पे ही चला गया. अब बर्तन की दुकान है. बोर्ड नीला ही है, बस."
म्हणजे इतके दिवस मी वाचत होते काय? कपाळ माझं! चाळीस वर्षं समोर तोच बोर्ड, पाठ झालेला.
त्या गेल्यावर ह्यांच्यावर ओरडले. "तुम्हाला दिसत होतं ना? मग रोज बरोबर कशाला?"
"किती दिवसांनी हसत होतीस."
"आणि सिरिंज?"
तोंड भिंतीकडे. पुन्हा विचारलं. "चहा टाक," म्हणाले.

३० जाने.
सात वाजता सिरिंज भरली. एक काळी रेघ दिसते, दहाची की विसाची, देव जाणे. ह्यांच्यासमोर धरली. बराच वेळ बघितलं. "बरोबर."
टोचली नाही. ताटलीत ठेवलीय. शेजारी फोन. अभयला लावला की संपलंच इथलं.
साडेसात. उपमा निवतोय. हे बाही वर करून बसलेत.