कापड कुणी बेतलं?

ता. ६ जून

ती. ताईंना,

तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमच्या भावाकडची मंडळी, बाळ आणि बाळंतीण सुखरूप असतील. भाऊजी वेळेवर जेवतात, पण पहिला घास घेतला की "आमटी जरा…" एवढंच म्हणतात आणि थांबतात. पुढचं तुम्ही समजून घ्या.

बाळंतपणाला म्हणून गेलात, ते आता बाळ मान धरायला लागलं असेल, तरी तुमचं परतण्याचं नाव नाही. म्हणून म्हटलं, मागच्या खोलीतल्या आपल्या चौघींच्या दप्तरं शिवण्याच्या कामाची काय दशा झाली ते तरी कळवावं.

बायकांना उद्योजक करणाऱ्या त्या संस्थेच्या बाईंनी तुमच्यादेखतच सांगितलं होतं ना, प्रत्येकीने आपल्या पायावर उभं राहायचं, प्रत्येकीचं मशीन, प्रत्येकीची पाटी! झालं. तुम्ही गेल्यावर मामी मशीन घेऊन आपल्या घरी, चष्मेवाली तिच्या घरी. आता मामीने जन्मात दप्तराच्या बंदांशिवाय काही शिवलेलं नाही आणि चष्मेवाली चेन लावण्यापलीकडे गेलेली नाही. आठवड्याभरात मामीकडे नुसत्या बंदांचा डोंगर, चष्मेवालीकडे चेनची भेंडोळी, आणि दप्तर म्हणाल तर एकही नाही! शेवटी दोघी हातगाडीवर मशीनं घालून मुकाट परत आल्या. येताना पाट्याही आणल्या. आता आपल्या एका दारावर तीन पाट्या आहेत आणि हे जाता-येता विचारतात, "आज चहा कोणत्या कंपनीकडून?"

तुमच्या पाटीचं मी बाईंना पुन्हा विचारलं. म्हटलं, बेतणारी नसेल तर आम्ही तिघी शिवणार काय? बाई मनाने चांगल्या आहेत हो. पण म्हणाल्या, मशीन घेईल तिलाच पाटी, कात्रीसाठी त्यांच्याकडे काही सोय नाही. तुम्ही मशीन नको म्हणालात आणि मोजणीतूनच गेलात. हे बरोबर की चूक, माझं मला कळत नाही. मशीन आलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून "आता तुम्ही सगळ्या मालकिणी, मी कशाला मध्ये" म्हणालात, तेव्हा मी मशीनवरचा हात काढून घेतला.

काम बंद पडल्यातच जमा आहे. नव्या कापडाला कात्री थोरलीनेच लावायची, ही सासूबाईंची शिस्त. ती कोण मोडणार? तागा भिंतीला टेकून उभा आहे. दुकानदाराची मात्र घाई चालू. परवा म्हणत होता, ही नवी दप्तरं मागच्यांपेक्षा पाठीला छान बसतात, आणखी पाठवा. मामीचे गुडघे तसेच. चष्मेवालीने चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली आहे, नवी घेत नाही.

तर बाळाला आता त्याच्या आईच्या हवाली करा आणि या. तुमच्यावाचून आमचं अडलंय.

तुमची,
धाकटी


ता. १९ जून

ती. ताई,

तुमचं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर! वर खुशाली नाही, खाली आशीर्वाद नाही, मध्ये एकच ओळ: "तागा भिंतीला टेकलाय, तर नवी दप्तरं बेतली कुणी?"

मी बेतली.

हे लिहून मी उठले, पाणी प्यायले, भाऊजींना चहा दिला आणि परत येऊन बसले. आता सगळं लिहिते, जमेल तसं. माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय, त्यामुळे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

दुपारी दोघी जेवायला घरी गेल्या की मी आतून कडी घालायचे. पहिल्या दिवशी सासूबाईंचा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला. हसू नका. कापड पसरलं, खडूने आखलं, पुसलं, परत आखलं. शेवटी स्वतःलाच दटावलं. मग कात्री चालवली. चालली की ताई! आणि दोघी परत आल्यावर काय सांगितलं माहीत आहे? ताईंनी जाताना बेतून ठेवलेलं गाठोडं सापडलं. मग दुसरं सापडलं, मग तिसरं. चष्मेवाली म्हणाली, "अगं, ताई एवढं कधी बेतत बसल्या?" मी म्हटलं, "त्यांचा उरक तुला ठाऊक नाही."

आणखी एक. पाठीचा भाग मी वरच्या बाजूला जरा निमुळता घेतला. तुम्ही सरळ चौकोन घेता. बंद मुलांच्या खांद्यावरून घसरतात हे मी कितीतरी दिवस बघत होते. पण तुम्हाला सांगणार कोण?

दुकानदाराने दप्तरं वाखाणली, तेव्हा मामी अगदी तोऱ्यात म्हणाली, "ताईंच्या हाताची सर कुणाला यायची नाही." तोही मान डोलवत "खरंय, खरंय" म्हणाला. मला असा राग आला! कुणाचा म्हणाल तर सांगता येईना. तुमचा यावा, तर तुम्ही बिचाऱ्या तिकडे बाळाची दुपटी धूत असाल. माझं काम तुमच्या नावावर मीच चढवलं होतं. तरी राग आला, आणि तो तुमचाच आला.

मग मी तुम्हाला या म्हणून का लिहिलं? तेच कळत नाही. तुम्ही आलात की कात्री तुमच्याकडे जाणार, हे ठाऊक होतं. पत्र टाकलं आणि पेटीपासून घरापर्यंत मनात म्हणत आले, पोहोचू नये, पोहोचू नये. रात्री म्हटलं, पोहोचलं असेल ना?

आज सकाळी दोघींना खरं सांगितलं. मामीने आधी फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "फोटो तूच फिरवलास होय! मला वाटलं, भूकंप झाला." चष्मेवाली मात्र हसली नाही. म्हणाली, "पाटी तुझी, मशीन तुझं, आता कात्रीपण तुझी. मग ताईंनी येऊन करायचं काय? आपल्याला चहा?"

मी उठून अंगणात गेले. तिने विचारलं ते रास्तच होतं.

 एवढंच सांगू शकते की कापड कापून झालं की मी मान वर करते आणि तुमच्या जागेकडे बघते. तुम्ही नाक मुरडाल, "हे काय नवीन खूळ?" म्हणाल, मी भांडेन, तुम्ही दप्तर पाठीला लावून बघाल आणि काही न बोलता खाली ठेवाल, असं काहीतरी व्हायला हवं असतं. होत नाही. मामी म्हणते छान, चष्मेवाली म्हणते छान, आणि मला ते पुरत नाही.

तुम्ही काय म्हणून यायचं, तेही ठरवता येत नाही. कामाला म्हणून या, असं तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटणार नाही. भागीदार म्हणून या म्हटलं, तर वाटून देण्यासारखं मी काय देतेय? मोठेपणा तुम्हाला देऊन टाकावा म्हटलं, तर तो माझ्याच्याने सोडवत नाही, ताई. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मनासारखं कापलं गेलंय.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, तुमच्यावाचून अडलंय. ते खोटं होतं. काही अडलेलं नाही. तरी या. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा. फक्त आलात की कापड मीच बेतणार, हे आधीच सांगून ठेवते. हे वाचूनही आलात, तर तुम्हाला घ्यायला स्टँडवर मी स्वतः येईन.

कात्री परत न देणारी, तरी तुमचीच,
धाकटी