एकमताने मंजूर

रोहणा, रविवार, संध्याकाळ

चिडचिड जातच नाही. आज विहाराच्या मंडळाची सभा झाली. कोणीही दोनदाच अध्यक्ष व्हायचं, ही आमच्या मंडळाच्या घटनेतली अट काढून टाकली. तीही बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून!

बापूकाकांचं दोनदा झालं, यंदा शोभाताई उभी राहणार होती. पण सगळ्यांचं एकच, "काका चांगले हाये, मंग बदलाचं काऊन?" चांगले आहेतच. विहारावर स्लॅब त्यांनीच टाकून घेतला. पण अट काय फक्त वाईट माणसासाठी होती?

हात वर झाले. शोभाताईचासुद्धा. माझा मांडीवरच राहिला. काका म्हणाले, "मॅडम, हात दुखून राह्यला का तुमचा?" सगळे हसले. मीही हसले. काऊन हसले मी?

नियम मोडला असता तर भांडता आलं असतं. इथे तो नियमानेच बदलला. देशाच्या घटनेचंही असंच होत असेल का? चांगल्या माणसाच्या कौतुकात, चहा पिता पिता?

सचिवांनी मोठ्यानं सांगितलं, "एकमतानं मंजूर."

माझा हात तेव्हाही मांडीवरच होता.