आखाजीची सुई

प्रिय आणि तितक्याच हट्टी आत्या,

आज आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. सकाळी तुमच्या नावाचा मातीचा घडा, तुमचं डेरगं भरलं. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाचं भरतात तसंच, पाण्यानं काठोकाठ, वर आंबा आणि सांजोरी. लग्न होऊन सुरतेत गोडादऱ्याला आले तेव्हापासून दर आखाजीला घागरी तुम्हीच भरायच्या, मी नुसती हाताखाली. आज तुमच्याच नावाचं डेरगं मांडावं लागलं. आणि सांगू का, मला रडू नाही आलं, राग आला! असा राग की कुणाशी तरी भांडल्याशिवाय घास उतरेना. म्हणून लिहायला बसलेय.

गल्लीत काय बोलतात ठाऊक आहे? ‘ज्योतीनं सासूला सुया टोचून टोचून मारलं.’ मी! तुमच्या त्या सुईसाठी मागे लागून लागून जिचा घसा कोरडा पडला, ती मी!

आठवतं ना, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरलात आणि मनगट मोडलं? डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, दर सहा महिन्यांनी पोटावर एक इंजेक्शन घ्यायचं. लगेच तुम्ही कोसाडहून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलंत, कारण मावशींचंही कंबरडं धरलेलं. दोघींच्या हाडांची तपासणी झाली, रक्तातलं कॅल्शियम बघितलं, दात काढायचा आहे का तेही विचारलं, आणि एकाच बाकावर बसवून दोघींना सुई दिली. परत येताना रिक्षात दोघी अशा खिदळत होतात, जणू जत्रेत गोंदून आलात.

पुढची तारीख मी पाठ करून घ्यायला लागले तर तुम्ही हात झटकलात. ‘मला तारखा नको सांगू. एक आखाजीला, एक दिवाळीला. झालं!’

पहिल्या वर्षी जमलं, नाही कुठे म्हणते? पण पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अहो, धोंडा आला की पुढचे सगळे सण उशिरा येतात, हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच ना! जावयांसाठी पुरणाचे धोंडे तळताना सांगत होतात, यंदा दिवाळी लांबली म्हणून. मग दिवाळीला बांधलेली सुई लांबणार नाही का? त्या इंजेक्शनला काय धोंड्याचा महिना कळतो का हो?

सहा महिने भरले तेव्हा घट बसलेले. मी म्हटलं, आत्या, आज तारीख आहे. तुम्ही साडीवर टिकल्या चिकटवत बसला होतात, मानसुद्धा वर केली नाहीत. ‘घटाच्या दिवसांत अंगाला सुई लावून घेत नाही मी. आणि दिवाळी कुठे झालीये अजून?’ मी तुमच्या लेकाकडे बघितलं. ते लूमच्या खात्यातून रात्रपाळी करून आलेले. ‘जाऊ दे ना, आईला दुखत नाहीये काही,’ म्हणाले आणि झोपून गेले. दुखत नव्हतं ते सुईमुळेच दुखत नव्हतं, एवढं या घरात कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

तिकडे मावशींचा मुलगा बघा. त्यानं मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवलेली, आईला गाडीवर बसवलं आणि दसऱ्याच्या आधी सुई देऊन मोकळा झाला.

आणि त्या दवाखान्यावर तर माझा राग आजही निवत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फोन केला, तर बंद. पुन्हा पुन्हा लावला तेव्हा कुठे ती काउंटरवरची बाई बोलली. ‘लाभपांचम पछी आवजो बेन. थोडुं आघुंपाछुं चालशे.’ म्हणे लाभपंचमीनंतर या, थोडं मागेपुढे चालेल. चालेल? काय चालेल? किती दिवस चालेल? विचारेपर्यंत फोन ठेवलासुद्धा! आणि तुम्हाला तर तेवढंच हवं होतं. लूमचं खातं बंद, सगळं सुरत गावाला निघालेलं, तुम्हीही पिशवी भरलीत. माहेरी दिवाळी, मग तुळशीचं लग्न, मग भाचीचं लग्न. फोनवर मी सुईचं नाव काढलं की तुम्ही म्हणायच्या, ‘ज्योती, इथे ऊन छान आहे गं, हाडं कशी ताजी वाटतात.’

ताजी! संक्रांतीच्या आधी आलात आणि तिळाच्या लाडवांना बसलात. पाण्याचा तांब्या उचलला, नुसता तांब्या, आणि पाठ धरून तिथेच आडव्या झालात. तुमचं ते कण्हणं अजून माझ्या कानात आहे.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. एक नाही, तीन मणके दबले होते. त्यांनी आधी विचारलं, शेवटची सुई कधी घेतली? मी म्हटलं, आखाजीला. मग त्यांनी समजावलं, की या सुईचा जोर सहा महिने असतो. तो ओसरला की इतके दिवस थोपवून धरलेली झीज उलटून जास्त जोरानं होते. एखाददोन आठवडे इकडेतिकडे झाले तर सावरता येतं, महिनेच्या महिने नाही. सोडायची असेल तरी मनानं सोडायची नाही, डॉक्टर तिच्या जागी दुसरं औषध देतात.

आता मला सांगा, त्या दवाखान्यानं हे पहिल्या दिवशी नको होतं सांगायला? बाकावर दोन बाया बसवल्या, सुई टोचली, मग दोन मिनिटं बसून हे बोलायला काय झालं होतं? तांदूळ निवडायला बसलेल्या बाईलासुद्धा कळेल इतकं सोपं आहे!

त्यानंतर तुम्ही उठलाच नाहीत. पडून पडून छातीत कफ भरला आणि होळीनंतर गेलात. माणसं म्हणतात सुईनं गेल्या. अहो, न घेतलेल्या सुईनं गेलात तुम्ही!

आता आजचं ऐका. मावशी सकाळीच आल्या. मी नको नको म्हणत असताना भरलेलं डेरगं नळापासून उचलून स्वतःच आत आणलं, माझ्या बहिणीचं आहे, मीच आणणार म्हणत. जेवायला बसल्यावर मी हळूच म्हटलं, मावशी, तुमची तारीख होऊन गेली. आखाजी होऊ द्या म्हणत होतात, झाली आखाजी. तर ताट सरकवून म्हणाल्या, ‘मी नही लेवाव. त्या सुईनी मनी बहीण खादी.’ घेणार नाही म्हणे, सुईनं बहीण खाल्ली!

जेवायला आलेल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. तुमचे चिरंजीव खाली मान घालून आमरस ओरपत होते. मग माझा तोल गेला, आत्या. मी उठले आणि त्या डेरग्यावर हात ठेवला. म्हटलं, ‘मावशी, हे आत कुणी आणलं? तुम्ही ना? दोघी एकाच बाकावर बसला होतात. तुम्ही वेळेवर घेतली, तुम्ही हे एवढं पाणी उचललंत. आत्यांनी दिवाळीची वाट बघितली, त्या एका तांब्यानं मोडल्या. आता बोला, कुणी खाल्लं त्यांना?’

मावशींनी तुमच्या डेरग्याकडे बघितलं. मग डोळ्यांना पदर लावला आणि ताट परत पुढे ओढलं. निघताना चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, विचारलं, ‘सकाय कितला वाजता जावानं?’ उद्या किती वाजता निघायचं, एवढंच.

डॉक्टरांना मी विचारून ठेवलंय, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. उद्या दहाला त्यांना घेऊन जातेय. आणि तुम्हाला शब्द देते आत्या, यापुढे मावशींची सुई ना आखाजीची, ना दिवाळीची. घट असोत, लग्न असो, नाहीतर सगळं सुरत गावाला गेलेलं असो, तारीख म्हणजे तारीख. पुढच्या आखाजीला तुमची घागर लहानच आणीन, वजन उचलायचं नाही म्हणून. पण आत आणतील ती मावशीच, ताठ पाठीनं. कशा आणत नाहीत, बघतेच मी!

तुमच्याशी अजून अर्धं भांडण बाकी असलेली,
तुमची सून,
ज्योती