वसुधाताईंच्या तोंडी सुनेचा संवाद

तीर्थस्वरूप मार्तंडदादांस,

मुलुंडहून प्रेमाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (म्हणजे तुमचा फोन उचलायला हात मोकळा नव्हता, असं समजा). वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे ठीक, माझंच चित्त जागेवर नाही. दोन ओळी लिहिते, उठते, गॅस बंद आहे का बघते, परत बसते. गॅस सकाळपासून लावलेलाच नाही. पत्र मुद्दाम हाताने लिहितेय. निदान माझी वाक्यं माझ्याच तोंडी राहतील.

त्याचं असं झालं. आमच्या महिला मंडळासाठी तुम्ही सासू-सुनेचं नाटुकलं लिहून पाठवलंत, ते ओडीटी फाइलमध्ये. का, तर ती पद्धत खुली, सगळ्यांची, कुठल्या एका कंपनीच्या बापाची नाही. तत्त्व मला मान्य आहे (माझी डाळ करपेपर्यंत तुम्ही फोनवर समजावलं होतंत). पण मंडळाच्या कॉम्प्युटरवर आहे विकतचं सॉफ्टवेअर. त्याने तुमची फाइल उघडता उघडता विचारलं, हिच्यात गडबड वाटते, दुरुस्त करू का? आता कोणी आपणहून मदतीला आलं तर नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मी हो म्हटलं.

तुमचा तक्ता होता, डावीकडे पात्राचं नाव आणि उजवीकडे संवाद. दुरुस्तीत सगळी नावं एकेक घर खाली सरकली. सासूचं बोलणं सुनेला, सुनेचं सासूला. (पहिला संवाद बिननावाचा उरला, तो मी निवेदनात घातला.) मला बाईला काय कळणार! प्रती काढल्या, वाटल्या, बायकांनी पाठसुद्धा केल्या. सुनेचं काम करणारी श्वेता, बँकेत असते, तिने विचारलं होतं, "प्रेमाताई, ही सून जरा जास्तच आगाऊ नाही का?" मी म्हटलं, "दादा हल्ली मॉडर्न लिहायला लागलेत. तू पाठ कर गं."

शनिवारी प्रयोग झाला. श्वेता कमरेला चाव्यांचा जुडगा लावून उभी. समोर सासू म्हणजे आमच्या वसुधाताई, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "मला दोन दिवस माहेरी जाऊ द्या. येताना काही आणणार नाही, पण जाऊ द्या." सून म्हणाली, "मी या घरात आहे तोवर जमायचं नाही." लोक खदखदून हसले. वसुधाताई पुढचं विसरल्या. मग तेच वाक्य परत म्हणाल्या, हळू. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला पदर शोधू लागल्या (निम्म्या ड्रेस घालून आलेल्या). श्वेताने काय करावं? जुडगा काढून त्यांच्या हातात दिला. पडद्याच्या दोरीपाशी बसवलेल्या नीलमने तिथेच पडदा ओढला. तुमचा दुसरा प्रवेश त्यामुळे राहिला. वाचायला फार छान होता.

रविवारी सकाळी तुमचा फोन. "जमायचं नाही, या वाक्याला हशा आला का?"

"आला की! श्वेताने काय म्हटलं दादा, झकास!"

"श्वेता सून आहे ना? मग सासूचं वाक्य ती कशाला म्हणेल?"

आवाज तुटतोय म्हणून मी फोन ठेवला. खरं तर माझाच तुटत होता. मग मूळ फाइल मोबाइलवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर सगळं जिथल्या तिथे. वाट लागली म्हटलं.

त्यात आता घाटकोपरच्या मंडळाला हाच प्रयोग हवाय, अस्साच, आणि लेखकाला शाल-श्रीफळ द्यायचंय. तेव्हा कृपा करून या, रागावू नका, आणि कोणी विचारलंच तर असंच लिहिलं होतं म्हणा.

तुमची धाकटी बहीण,
प्रेमा

ता. क. शाल बघून आले. मरून रंगाची आहे. तुम्हाला शोभेल.

आणखी ता. क. शाल, नाटक सगळं राहू द्या. वसुधाताईंचं माहेर तुमच्याच शेजारच्या वाडीत. आंब्याच्या झाडावरून भावाशी बिनसलं, ते बिनसलंच. शनिवारपासून त्या तिकीट काढून बसल्यात आणि सकाळ-संध्याकाळ येऊन मला विचारतात, "गो प्रेमा, भाव माका ओळखतलो मां?" भावाचं नाव राजाराम. पत्र मिळाल्याबरोबर त्याच्याकडे जा. बहीण येतेय म्हणून सांगा. नाही म्हणाला तर ओटीवरून उठू नका. तरीही ऐकत नसेल, तर त्याला तुमचं नाटक वाचून दाखवायला घ्या, अगदी दुसऱ्या प्रवेशासकट. कबूल होईल.